बांधावरचा बोलपट

आमची बाजरी त्या वर्षी एका बाईने राखली. ती कोण, कुठली, तिचं नाव काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. ती पोस्टाच्या तिकिटाएवढी होती, तिच्या अंगावर ओलं लुगडं होतं, आणि आमच्या घरामागच्या बांधावर खांबाखांबाला बांधलेल्या सिनेमाच्या पट्टीत ती हजार-दीड हजार वेळा उभी होती. पोपट तिला भ्यायचे. चिमण्या चार दिवस भ्यायल्या आणि मग सरावल्या. मी काही सरावले नाही. सत्तरी उलटली, गुडघे गेले, निम्म्या गोष्टी विसरले, पण ती बाई कुठून कुठे चालली होती हा घोळ माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आमचं गाव आळ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. घरात आबा, आई, मी आणि वहिनी. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईला गिरणीत होता. तो शिमग्याला आणि दिवाळीला यायचा आणि जाताना घर सुनं करून जायचा. आबा माझे वडील असले तरी माझ्यापेक्षा बैलांशी जास्त बोलायचे. आईचं सगळंच दणदणीत. तिची भाकरी थापण्याचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू यायचा, आणि थापा जवळजवळ पडायला लागल्या की आज कुणाची तरी धडगत नाही हे आम्हाला मळ्यातच समजायचं. वहिनी त्या वर्षीच लग्न होऊन आली होती. नाव अनसूया, माहेर मढ. मढ म्हणजे पार डोंगराकडचं, पावसाचं, भाताचं गाव. आमच्याकडे भात सणाला, आणि तिला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पहिल्यांदा तिने मासवडी केली ती वळतानाच फुटली, सारण बाहेर आलं, तेव्हा आई म्हणाली, "भात खाऊन खाऊन बोटं मऊ झाली हायेत हिची." वहिनी खाली मान घालून हसली. तिला हसू फार लवकर यायचं, आणि आमच्या घरात ते कुठे ठेवायचं हे तिला कळत नसे. लग्नानंतर अण्णा तिच्याजवळ वीस-बावीस दिवस राहिला असेल. तेवढ्या शिदोरीवर ती दिवाळीपर्यंत दिवस काढत होती, हे मला कळायचं वय नव्हतं. मी तेव्हा बारा वर्षांची. चौथी झाली होती, शाळा सुटली होती, आणि पाखरं हाकायला घरात माझ्याइतकं रिकामं दुसरं कोणी नव्हतं.

ती पट्टी आली कशी, तर वैशाखात शेजारच्या गावच्या यात्रेत तंबूचा सिनेमा आला होता. वावटळीने तंबू उभा फाटला. मालकाचं सामान आळेफाट्याला पोचवायला आबांची गाडी होती. उतरवताना त्याने एक पत्र्याचा गोल डबा आबांच्या हातात दिला. "घेऊन जा पाटील. जुना बोलपट हाय, बोलपट नवे निघाले तवाचा. आता हातभर चालला की तुटतो. शेताला बांधा, पाखरं लई भितात." आबांनी तो डबा माळ्यावर टाकला आणि विसरले. भाद्रपदात कणसं भरायला लागली, पोपटांच्या झुंडी उतरायला लागल्या, तेव्हा त्यांना त्याची आठवण झाली. पट्टी उलगडून त्यांनी शेताच्या चारही बाजूंना खांबांवरून बांधून घेतली. वारा आला की ती थरथरायची, उन्हात लखलखायची आणि तिचा सर्रर्र असा आवाज यायचा. शेताच्या तीन बाजूंना काही विशेष नव्हतं. कुठे दरबार होता, कुठे घोडा, आणि विहिरीच्या अंगाला तर सबंध बांधभर दोन म्हातारे समोरासमोर बसून काहीतरी बोलत होते. बाई होती ती फक्त घराच्या मागच्या दारापासून माझ्या मचाणापर्यंतच्या बांधावर.

पहिल्यांदा ती मला दिसली तेव्हा मी पट्टी नुसती सूर्याकडे धरली होती, आतल्या रंगासाठी. आत एक देवळासारखा मंडप, त्याच्या खांबाला हात लावून उभा असलेला एक गडी, आणि बाई. केस मोकळे, ओले. लुगडं अंगाला चिकटलेलं. एक खांदा उघडा. चोळी होती की नव्हती यावर माझा आणि वहिनीचा पुढे आठ दिवस वाद चालला. ती म्हणायची नव्हती, मी म्हणायची होती, कारण चोळी न घालता बाई बाहेर येईलच कशी हे मला पटत नव्हतं. पुढच्या चित्रात तीच बाई, त्याच्या पुढच्यातही तीच. मला वाटलं आबांना फसवलं, एकच चित्र हजार वेळा छापून दिलं. मग चालता चालता पट्टीवरून नजर फिरवली तर एका पावलात बाई किंचित सरकलेली. दुसऱ्या पावलात आणखी. चित्रांच्या कडेला एक बारीक काळी-पांढरी रेघ होती, कंगव्याच्या दातांसारखी कुठे लांब कुठे आखूड. ती कशाची म्हणून विचारलं तर आबा म्हणाले, "त्यो आवाज हाय. ती बोलती ते तिथं लिवलंय." मी रेघेला कान लावून पाहिला. पाखरांशिवाय काही ऐकू आलं नाही.

आता त्या बांधावरून वहिनी आणि मी दोघी जायचो, पण मला तो बोलपट मनापासून पाहायला सापडायचा तो फक्त मचाणावरून उतरल्यावर. सकाळी धुक्यात मी मचाणावर पळत जायची, तेव्हा चित्रं दिसायचीच नाहीत. दुपारी वहिनी माझी भाकरी घेऊन घराकडून मचाणाकडे यायची, चांगली उन्हाची, पट्टीला एक हात लावून, हळूहळू. ती आली की मी उतरायची आणि पाणी प्यायला मचाणाकडून घराकडे जायची, तशीच पट्टीला हात लावून. मी जाताना बघायची ते असं: बाई गड्याच्या अगदी जवळ आहे, मग तिचं तोंड बाजूला होतं, मग ती एकेक पाऊल मागे सरते, आणि शेवटी, आमच्या मागच्या दाराशी, पार लांब एकटी उभी राहते. मला ते योग्य वाटायचं. लाजली आणि मागे झाली. मी हे वहिनीला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "उलटं सांगतीस कुशे," ती म्हणाली. "ती लांब उभी असती. मग ती जाती त्याच्याकडं. कुनी ढकलत न्हाई, कुनी वढत न्हाई. आपनहून जाती."

"बाई आपनहून कशी जाईल?"

"आता ते मला काय इचारतीस? तिला इचार की."

मग ती हसत सुटली आणि कडेच्या रेघेला बोट लावून त्या बाईचं बोलणं म्हणायला लागली. कधी ती बाई म्हणायची, "अवं, किती वेळ खांब धरून बसनार?" कधी म्हणायची, "मढहून आले, दमले, पानी तरी इचारा." मी पोट धरून हसायची. कधी कधी मात्र ती नुसती रेघेवर बोट ठेवून उभी राहायची, आणि तिच्या मागे पाखरं बिनधास्त बाजरीवर उतरायची.

माझी नात पुण्यात सिनेमाचंच काहीतरी शिकते. तिला हे सांगितलं तर तिला माझ्या बाजरीत फार रस वाटला. ती सांगते की सिनेमा बोलायला लागला त्या सुरुवातीच्या दिवसांत पडद्यावर असं बरंच काही चालून जायचं, ओल्या कपड्यातल्या बायका, घेतलेले मुके, आपल्या तोंडाने प्रेम मागणाऱ्या नायिका, आणि पुढे पुढे ते बंद होत गेलं. मी गोंधळले. माझी समजूत अशी की जुनं ते सोवळं आणि नवं ते नागडं. म्हणजे माझी आई परकरात होती तेव्हा पडद्यावरची बाई स्वतःच्या पायांनी गड्याकडे चालत जात होती, आणि माझ्या तरुणपणी ती झाडाभोवती पळत सुटली, आणि दोन फुलं एकमेकांना लागली की बाकीचं आपण समजून घ्यायचं? मग मधल्या काळात कुणाला एवढी भीती वाटली? नातीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. पट्टी कशी वाचायची, तर माणसांच्या डोक्याकडून पायांकडे. आडवी बांधली असेल तर डोकी ज्या बाजूला, तिथून सुरुवात. "आजी, डोकी कुठे होती? घराकडे की मचाणाकडे?" तिने विचारलं. तेव्हापासून मी पलंगावर बसून मान कधी डावीकडे कलती करते, कधी उजवीकडे, आणि आठवायला बघते. मानेला पट्टा आहे तो वेगळाच. आठवत नाही.

मचाणाजवळच्या खांबाला आबांनी मारलेली गाठ होती. सगळा घोटाळा तिथे होता. वहिनीच्या बाजूने पाहिलं तर बाई त्याच्याजवळ जात जात, तोंड वर करत करत त्या गाठीत शिरायची आणि गाठीपुढे पट्टी संपायची. माझ्या बाजूने पाहिलं तर ती गाठीतूनच निघायची. म्हणजे गाठीत काय होतं ते कळल्याशिवाय वाद मिटणं शक्य नव्हतं. मी म्हणायची, तो तिला रागवत असणार. वहिनी म्हणायची, रागवायला एवढ्या जवळ कशाला जावं लागतं? शेवटी एका दुपारी ती यायच्या आत मी विळ्याने पट्टी कापली आणि दाताने गाठ सोडवली. हातभर तुकडा निघाला, चुरगळलेला, पांढऱ्या रेघा पडलेला. तो गुडघ्यावर सरळ करून मी सूर्याकडे धरला. मुका होता. आम्ही मुका लहान पोरांचा घेतो, गालाचा. हा तसला नव्हता. बाईचे डोळे मिटलेले होते. मला एकदम कुणीतरी पाहील असं वाटलं, आणि त्या उघड्या शिवारात पाहायला पाखरांशिवाय कुणी नव्हतं. वहिनी आली तेव्हा मी तुकडा तिच्या हातात दिला आणि भाकरी खात बसले. तिने तो किती वेळ धरला होता कोण जाणे. माझी भाकरी संपली, कांदा संपला, तरी ती तशीच. मग तिने तुकड्याची गुंडाळी केली आणि कमरेला खोचली. "कुनाला बोलू नगंस," एवढंच म्हणाली.

घटस्थापनेच्या आधी घर सारवायचं, कपडे धुवायचे, पेट्या उन्हाला काढायच्या, हा आमचा रिवाज. आईने वहिनीची पेटी उपसली तेव्हा लग्नातल्या शालूच्या घडीतून ती गुंडाळी बाहेर पडली. सकाळची वेळ होती. वहिनी अंगण सारवत होती, मी शेण कालवत होते. आईने गुंडाळी सोडली आणि दारातल्या उजेडाकडे धरली.

"काय हाय हे?" तिने वहिनीला विचारलं.

वहिनी शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. आज मला कळतं की ती माझ्यासाठी गप्प होती; कापलं कुणी हे सांगावं लागलं असतं. तेव्हा मला वाटलं तिला बोलायला सुचत नाही, आपण तिला मदत करावी.

"कुशे, तू सांग. काय हाय ह्यात?"

"काय न्हाई आये," मी म्हटलं. "सिनेमातली बाई हाय. वैनी म्हनती, ती बाई आपनहून जाती त्याच्याकडं."

मी हे अगदी भाबडेपणाने, वहिनीच्या भल्यासाठी बोलले, यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. आमच्या घरात आपणहून केलेल्या कामाचं कौतुक व्हायचं. कुशीने आपणहून पाणी आणलं, कुशीने आपणहून भांडी घासली, असं आई शेजारणींना सांगायची. कुणी न सांगता केलं म्हणजे चांगलंच असणार. त्यामुळे आईचा चेहरा असा का झाला ते मला कळेना. ती आत गेली आणि तो तुकडा तिने चुलीत घातला.

पुढचं एका क्षणात झालं. चुलीतून मोठा फस्स् असा आवाज आला आणि पिवळाधमक जाळ तिच्या हातावर, तोंडावर आला. नात सांगते, त्या जुन्या पट्ट्या अशाच भडकायच्या, त्यांचा मसालाच तसा. आम्हाला काय ठाऊक? आईची उजवी भुवई गेली, उजव्या तळव्याची कातडी गेली. वहिनीने धावत जाऊन तिला मागे ओढलं, हात रांजणात बुडवला, परसातून कोरफड आणून चिरली आणि गर लावत बसली. फुंकर घालत होती, रडत होती. आईचा हात तिच्या मांडीवर होता, आणि आई वर आढ्याकडे बघून आबांना म्हणत होती, "उद्या हिला मढला पोचवून या. इस्तू हाय हा. ठेवला तर घर जाळंल." त्याच दुपारी आबांनी शेताची पट्टी चारही बाजूंनी तोडून खड्ड्यात पुरली. चार दिवसांत पाखरांनी निम्मी बाजरी फस्त केली.

वहिनीला आबा पोचवून आले. ती जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि मी तिला एवढंही म्हटलं नाही की खरं मी सांगीन. आमच्याकडे असं पाठवलेल्या बाईला सासरचं कुणी न्यायला गेल्याशिवाय परत येता येत नाही. न्यायला गेलं तर ती सासुरवाशीण. नाही गेलं, तर वर्षभरात माणसं दुसऱ्या सोयरिकीचं बोलायला लागतात. दिवाळीला अण्णा आला. आईने त्याला आत नेऊन काय सांगितलं मला माहीत नाही. मी वाट पाहत होते की तो उद्या मढला जाईल, परवा जाईल. तो विहिरीवर इंजिनाच्या खोपीत बसून बिड्या ओढायचा. आबांनी एकदा विचारलं, "जातोस का रं?" तर म्हणाला, "आईचा हात बरा होऊ द्या." आणि भाऊबीज करून मुंबईला निघून गेला. मी ओवाळलं तेव्हा माझ्या ताटात त्याने टाकलेल्या कापडाकडे बघून मला वहिनी आठवली आणि रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं भावाच्या मायेने आलं.

संक्रांतीपर्यंत मी तग धरला. तीळ निवडताना एकदाचं बोलून टाकलं, "आये, ती पट्टी मी कापली व्हती. वैनीनं न्हाई."

आई निवडायची थांबली नाही. तिच्या तळव्यावर नवी कातडी आली होती, गुलाबी, लकाकणारी. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "इळ्याचा काप तुझ्याच हातचा व्हता, वाकडा."

"मग तिला का धाडलं?"

"कापल्याचं काय न्हवतं. तू जे बोललीस त्याचं व्हतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मीबी त्याच बांधानं जात-येत व्हते, कुशे. मला काय डोळं न्हवतं व्हय?"

ह्याचा अर्थ मी आजवर लावते आहे. तिने काय पाहिलं होतं, जाताना की येताना? आणि पाहिलं होतं तर मग? विचारायची छाती झाली नाही, आणि पुढे विचारायला ती राहिली नाही.

शिमग्याला अण्णा आला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, तो विहिरीवर इंजिन चालू करून कांद्याला पाणी देत होता. मी आणि आई मागच्या दारात शेवया वाळत घालत होतो. आई एकदम थांबली म्हणून मी वर पाहिलं. घरामागच्या बांधावरून वहिनी चालली होती. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. एष्टीने फाट्यापर्यंत आलेली असणार, तिथून पायी. बरोबर तिचा बाप नाही, भाऊ नाही. ती घराकडे वळली नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही, सरळ विहिरीकडे निघाली. बाजरीचे खांब अजून तसेच उभे होते, मोकळे. अण्णा खोपीच्या मेढीच्या खांबाला हात लावून उभा होता. ती येताना त्याला दिसत होती, पण तो तिथेच राहिला. ती त्याच्यापुढे गेली, गाठोडं खाली ठेवलं, आणि काहीतरी बोलली. इंजिनाच्या भकभकाटात एक अक्षर ऐकू आलं नाही. तो बोलला की नाही तेही कळलं नाही. मग तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याच्या तोंडाला लागलेलं काळं तेल पुसलं. भर दिवसा, उघड्या शिवारात, सासू बघत असताना. कपाळ पुसलं, गाल पुसला, हनुवटी पुसली. कसलीच घाई नसल्यासारखं.

आई उठून आत गेली. मला वाटलं ती दार लावून घेणार. तेवढ्यात वहिनी अंगणात येऊन उभी राहिली, पाठीमागे दहा पावलांवर अण्णा. आई बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात तांब्या होता आणि जळक्या हातात भाकरीचा तुकडा.

"कोन आलं व्हतं गं तुला न्यायला?"

"कोन न्हाई," वहिनी म्हणाली. "मीच आले."

मी डोळे मिटून घेतले. मग मी ऐकलं, "एष्टीत बसाया तरी मिळालं का?" डोळे उघडले तर आईने तुकडा वहिनीवरून ओवाळून टाकला होता आणि तिच्या पायांवर पाणी ओतत होती. का, ते मला कळलं नाही. जी गोष्ट नुसती बोलल्यापायी एवढं रामायण झालं, तीच गोष्ट तिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवली, तर आईने तिला घरात घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे भात झाला, सण नसताना.

आता अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. वहिनी त्याच घरात आहे. बाजरीच्या शेतात टोमॅटो असतात, आणि बिबट्याच्या भीतीने दुपारीसुद्धा बांधावर एकटं जायला पोरं नको म्हणतात. मी मंचरला दिलेली. वर्षातून एकदा आठ दिवस राहायला जाते, आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून मटकी निवडतो; तिचे डोळे ऑपरेशनने माझ्यापेक्षा चांगले झाले आहेत. या खेपेला मी ठरवूनच गेले होते. नातीने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, डोकी, पाय, पट्टी वाचायची रीत. म्हटलं, "वैनी, आता आठवून सांग. डोकी घराकडं व्हती का मचानाकडं? ती बाई खरंच जात व्हती का मागं येत व्हती? साठ वर्सं मला ह्याचा उलगडा न्हाई. आन त्यापायी मी तुला..." मला रडूच आलं.

वहिनीने सूप बाजूला ठेवलं. ती पूर्वीसारखीच हसली.

"येडी का काय तू? साठ वर्सं त्या बाईचंच धरून बसलीस व्हय? मी तिच्याकडं चार दिवस बघितलं आसंल. मग मी गड्याकडंच बघत व्हते. घरनं मचानाकडं जा न्हाईतर मचानावरनं घराकडं ये, त्यानं काय खांबाचा हात सोडला न्हाई. पाऊलभर हलला न्हाई त्यो, ना हिकडून ना तिकडून." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मढला पाच म्हैनं बसले, रोज रस्त्याकडं बघत. मग मला त्यो खांब आठवला. म्हनलं, ह्योबी काय यायचा न्हाई. आन उठले."